ओव्हर दिल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही

जीएनएम या नर्सिंगच्या तीन वर्षांच्या पदविकेच्या पहिल्या वर्षी, वॉर्डातल्या पहिल्याच आठवड्यात, दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी मी पर्स खांद्याला लावून निघाले असताना इन-चार्ज सिस्टरांनी मला दारातून परत बोलावले. माझ्याकडे सोपवलेल्या चार रुग्णांचे मी सगळे केले होते. तापमान, नाडी, श्वसन आणि रक्तदाब यांच्या नोंदी झाल्या होत्या, चादरी बदलून झाल्या होत्या, एका आजोबांना दोन घास भरवलेही होते. मात्र दुपारच्या पाळीला आलेल्या विद्यार्थिनीला यातले एक अक्षरही न सांगता मी निघाले होते, कारण लेकीचे पाळणाघर साडेतीनला संपत होते आणि स्वारगेटची बस चुकली की पुढच्या बसची खात्री नसे.

"ओव्हर दिलास का?" त्यांनी विचारले. ओव्हर म्हणजे आपल्या रुग्णांची सगळी माहिती पुढच्या पाळीला सांगून ते तिच्याकडे सोपवणे. मी नकारार्थी मान हलवली. "मग तुझी ड्यूटी संपलेली नाही. घड्याळात दोन वाजले म्हणून पेशंट सुटत नाही. दुसऱ्या कुणी तो तुझ्याकडून घेतला, की सुटतो."

त्या दिवशी मला त्यांचा रागच आला. पाळणाघराच्या काकूंची बोलणी मला खावी लागणार होती, त्यांना नव्हे. परंतु आज, तिसऱ्या वर्षाच्या इंटर्नशिपमध्ये असताना, मूल सांभाळून हे शिक्षण कसे केलेस असे कुणी विचारले की मला त्याच वाक्यापासून सुरुवात करावी लागते. शिक्षण आणि मूल या दोन्ही गोष्टी मला एकाच कौशल्यावर निभावता आल्या, आणि ते कौशल्य म्हणजे आपले माणूस दुसऱ्याच्या हाती नीट सोपवणे.

माझ्याविषयी थोडक्यात सांगते. बारावी मी कला शाखेतून केली आणि त्यानंतर काही वर्षे संसारात गेली. बी.एस्सी. नर्सिंगसाठी बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागते, त्यामुळे तो मार्ग बंद होता. जीएनएमला कला शाखेचे विद्यार्थी चालतात, इंग्रजीसह बारावीला ४० टक्के गुण पुरतात आणि वयाची मर्यादा १७ ते ३५ आहे. मी २८ वर्षांची होते आणि मुलगी अडीच वर्षांची. आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला राहतो, संस्था शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि माझे पती भोसरीच्या एका कारखान्यात पाळीने काम करतात. घरात सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात, आणि पाळणाघर असल्याखेरीज दिवसभर लहान मुलामागे धावणे त्यांना जमणारे नव्हते. वर्गातल्या बाकीच्या मुली अठरा-एकोणीस वर्षांच्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला बाई समजून उठून नमस्कार केला, आणि नंतर तीन वर्षे ताई म्हटले.

या अभ्यासक्रमाचे वेळापत्रक हॉस्टेलवर राहणाऱ्या, जेवणाचे ताट समोर येणाऱ्या, अविवाहित मुलीला डोळ्यांसमोर ठेवून आखलेले आहे, असे माझे मत झाले आहे. सकाळी पावणेआठला वॉर्डात हजेरी, दोनपर्यंत काम, मग काही दिवस दुपारी वर्ग, आणि रात्री प्रोसिजर बुक व केस स्टडी लिहिणे. परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के हजेरी लागते एवढेच मला प्रवेशाच्या वेळी कळले होते. प्रात्यक्षिकांची हजेरी मात्र पदविका हाती पडण्याआधी प्रत्येक विभागात १०० टक्के भरावी लागते, म्हणजे बुडालेला प्रत्येक दिवस कधी ना कधी उभे राहून फेडावा लागतो, हे मला पहिल्या पावसाळ्यात समजले. पाळणाघरात हँड-फूट-माउथची साथ आली. लेकीच्या तळहातांवर आणि तोंडात फोड उठले, काकूंनी साहजिकच "पूर्ण बरी झाल्याशिवाय आणू नका" असे सांगितले, आणि माझे सहा दिवस बुडाले. ते सहा दिवस मी दिवाळीच्या सुट्टीत भरून दिले. नरकचतुर्दशीला पहाटे लेकीला उटणे लावून, तिचे केस ओले असतानाच मी बस गाठली. नियम चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही, कारण न पाहिलेला वॉर्ड पाहिला असे लिहून नर्स होता येत नाही. पण आईच्या आजारपणाइतकेच मुलाचे आजारपणही आईचे दिवस खाते, याची दखल त्या वेळापत्रकात कुठेही नाही.

पाळणाघराचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगते. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात झालेल्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन येण्याची मुभाही दिली. ही तरतूद वाचून मी मोठ्या आशेने कार्यालयात गेले होते. तिथल्या गृहस्थांनी शांतपणे सांगितले की तुम्ही विद्यार्थिनी आहात, कर्मचारी नाही. वॉर्डात मात्र मनुष्यबळ कमी पडते तेव्हा आम्हाला "स्टाफ" म्हणून हाक मारतात. असो.

तर मुद्दा सोपवण्याचा. पहिल्या वर्षी मी मुलीला सोपवत नव्हते, सोडून जात होते. सकाळी सहाला ती झोपलेली असताना सासूबाईंच्या कुशीत सरकवायची, आठ वाजता त्या तिला उठवून पाळणाघरात पोहोचवणार, साडेतीनला मी किंवा माझे पती आणणार. दिवसातून तीन वेळा ती एका हातातून दुसऱ्या हातात जात होती, आणि प्रत्येक वेळी "सांभाळा हं" यापलीकडे आम्ही एकमेकांना काही सांगत नव्हतो.

त्याचा परिणाम ऑगस्टमधल्या एका सकाळी दिसला. लेकीला रात्रभर ताप होता. पहाटे साडेपाचला मी तिला पॅरासिटामॉलचे चार मिलिलिटर सिरप दिले, कपाळावर पट्टी ठेवली आणि निघाले. आठ वाजता अंग पुन्हा कोमट लागले म्हणून सासूबाईंनी त्याच बाटलीतून तेवढेच औषध दिले. मी आधी दिलेले आहे हे त्यांना कळण्याचा काही मार्गच नव्हता. मुलांना हे औषध वजनाप्रमाणे, किलोमागे साधारण १५ मिलिग्रॅम, आणि दोन मात्रांत चार ते सहा तासांचे अंतर ठेवून द्यायचे असते. इथे अंतर पडले अडीच तासांचे. दुपारी बोलता बोलता ही गोष्ट उघड झाली आणि माझ्या पोटात गोळा आला. आमच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी वजन विचारले, बाटलीवरची तीव्रता वाचून घेतली, आणि एवढ्याने अपाय होणार नाही, पुढची मात्रा मात्र संध्याकाळपर्यंत देऊ नका, असे सांगितले. लेक तोवर खेळायलाही लागली होती. सासूबाई मात्र देवासमोर बसून राहिल्या. "माझ्याकडून चुकलं गं," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, आणि ती चूक त्यांची नसून माझी आहे हे मला ज्या शब्दांत सांगता आले ते वॉर्डातलेच होते. मी म्हणाले, "आई, मी तुम्हाला ओव्हरच दिला नव्हता."

वॉर्डात हे कसे होते ते सांगायला हवे. पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांच्या सिस्टर खाटेखाटेपाशी जातात. रुग्ण कोण, कशासाठी दाखल आहे, शस्त्रक्रियेचा कितवा दिवस, सलाईन कोणत्या हाताला आहे आणि सुईची जागा सुजली आहे का, किती पाणी पोटात गेले आणि किती लघवी झाली, कोणते औषध किती वाजता दिले, कोणते द्यायचे राहिले, आणि पुढचे आठ तास कशावर लक्ष ठेवायचे, हे सगळे रुग्णासमोर बोलले जाते आणि रजिस्टरात उतरते. घेणारी सिस्टर ते नुसते ऐकत नाही, स्वतः पाहते. सुईची जागा बोटाने चाचपते, पिशवीतली लघवी मोजते, शंका विचारते. "लिहिलं नाही म्हणजे केलं नाही" हे वाक्य आमच्या ट्यूटर मॅडम दिवसातून इतक्यांदा म्हणत की मुली त्यांची नक्कल करत. मला त्याचा खरा अर्थ साडेपाच आणि आठ यांच्या मधल्या त्या अडीच तासांनी शिकवला.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात फ्रीजच्या बाजूला दोऱ्याने एक शंभर पानी वही टांगली. तारीख, वेळ, काय खाल्ले, शी-शू, झोप, औषध, आणि शेवटी "लक्ष ठेवणे" असा रकाना. सासूबाईंनी पहिले चार दिवस तिला हात लावला नाही. नातीचे खाणे-पिणे वहीत लिहायचे म्हणजे आपल्यावर अविश्वास, असे त्यांना वाटले असणार, आणि ते स्वाभाविकही होते. पाचव्या दिवशी त्यांनी पेन्सिलीने लिहिले : "वरणभात अर्धी वाटी. केळे फेकले." त्यानंतर वही चालू झाली. माझे पती रात्रपाळी करून सकाळी परततात तेव्हा चहाच्या आधी वही वाचतात. आता ही तिसरी वही आहे.

अभ्यासाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पहाटे साडेचारला आमच्याकडे नळाला पाणी येते, ते भरता भरता मी शरीररचनाशास्त्र पाठ केले. गणिताची भीती होती, ती सलाईनच्या थेंबांनी घालवली. ५०० मिलिलिटर आठ तासांत द्यायचे आणि सेटमधून मिलिलिटरला २० थेंब पडत असतील तर मिनिटाला २१ थेंब, हे पहिल्यांदा माझे मला बरोबर आले तेव्हा मी एकटीच हसले होते. लेकीला माझ्या पुस्तकांतले जैववैद्यकीय कचऱ्याचे पान सर्वांत प्रिय होते. पिवळ्यात रक्ताचा कापूस, लाल पिशवीत नळ्या, पांढऱ्या डब्यात सुया, निळ्यात काच, हे तिला रंगांच्या नावांबरोबरच पाठ झाले, आणि आमच्या सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना तिने एकदा तुमची लाल पिशवी कुठे आहे असे विचारले होते.

दुसऱ्या वर्षी बालरुग्ण विभागाचे पोस्टिंग आले. अनुभवाच्या जोरावर इथे तरी मी मुलींच्या पुढे असेन, असा माझा समज होता. तिथे तीन वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या आईला नुकतेच दुसरे बाळ झाल्यामुळे ती येऊ शकत नव्हती, आजी दिवसा यायची आणि रात्री कुणीतरी काका झोपायला यायचे. पहिले दोन दिवस तो रडून रडून लाल झाला. तिसऱ्या दिवशी तो गप्प झाला, औषध मुकाट्याने घेऊ लागला, आणि मी नोंदीत लिहिले की मूल आता शांत असून वॉर्डात रुळले आहे. सिस्टरांनी त्या ओळीवर बोट ठेवले. "रुळलं हे तू कशावरून ठरवलंस? खेळणं दिलं तर घेतो का? आजी आली की तिच्याकडे बघतो का?" तो आजीकडे बघत नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा.

आईपासून तुटलेल्या लहान मुलाच्या तीन अवस्था आमच्या पुस्तकात जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी या बालमनाच्या अभ्यासकांच्या कामाच्या आधारे दिलेल्या आहेत. आधी मूल विरोध करते, रडते, दाराकडे धावते. मग ते खचते आणि निमूट होते. पुढे ते अलिप्त होते आणि सगळ्यांशी वरवर चांगले वागू लागते, आणि इथेच मोठी माणसे फसतात, कारण त्यांना वाटते की मूल सुधारले. मी तो उतारा परीक्षेसाठी पाठ केला होता. त्या मुलाच्या खाटेपाशी उभी असताना मात्र मला तो वेगळ्याच अर्थाने आठवला, कारण दोनच महिन्यांपूर्वी मी अभिमानाने सगळ्यांना सांगत होते की आमची लेक आता पाळणाघरात अजिबात रडत नाही.

त्या दिवशी मी काकूंना पहिल्यांदा नीट विचारले. काकू म्हणाल्या, "रडत नाही हे खरं, पण दुपारी सगळी पोरं झोपली की ही दाराकडे तोंड करून बसते. हाक मारली की येते, दूध पिते. त्रास काहीच नाही तिचा." काकूंनी हे मला आधी सांगितले नव्हते, कारण मी कधी विचारलेच नव्हते. मी रोज विचारायचे ते "त्रास दिला का?" एवढेच.

मी काय करत होते ते मला तेव्हा कळले. घरातल्या आणि शेजारच्या प्रत्येक अनुभवी बाईने मला सांगितले होते की मुलाची नजर चुकवून निघावे, म्हणजे ते रडत नाही. मी वर्षभर झोपलेल्या मुलीपासून चोरपावलांनी निघत होते. तिच्या बाजूने पाहिले तर आई केव्हाही, न सांगता, नाहीशी होऊ शकत होती. बालरुग्ण परिचर्येत शिकवतात ते याच्या नेमके उलट आहे : मुलाला खरे सांगावे, परत कधी येणार ते घड्याळाच्या नव्हे तर त्याला कळेल अशा भाषेत सांगावे, आणि ओळखीची एखादी वस्तू त्याच्याजवळ ठेवावी. मी लेकीला रोज पावणेसहाला उठवू लागले. अर्धवट झोपेत तिला मांडीवर घेऊन सांगायचे, "मी आता दवाखान्यात जाते. तू आजीबरोबर काकूंकडे जाशील, डबा खाशील, झोपशील, उठून दूध पिशील, आणि मग मी दारात असेन." माझी एक जुनी ओढणी तिच्या पिशवीत जाऊ लागली. ज्या दिवशी पती आणायला जाणार असतील त्या दिवशी "मी" ऐवजी "बाबा" म्हणायचे, त्यात गल्लत करायची नाही.

यानंतर लेक सलग तीन आठवडे रोज सकाळी रडली. संपूर्ण इमारतीला ऐकू जाईल इतकी रडली. वरच्या मजल्यावरच्या आजींनी खाली येऊन मला सुनावले की चांगली झोपलेली पोर उठवून कसली रडवतेस. सासूबाईंनाही ते पटत नव्हते. मला ते रडणे ऐकवत नसे, तरी बसमध्ये बसल्यावर मी मनाशी म्हणायचे की रडते आहे म्हणजे अजून तिची आशा आहे. चौथ्या आठवड्यात काकूंनी सांगितले की ती दुपारी झोपली, ओढणी अंगावर घेऊन.

सासूबाईंविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. प्रवेशाच्या वेळी त्यांचा आक्षेप वेळेला किंवा पैशाला नव्हताच. "शिकायला माझी ना नाही, पण परक्या पुरुषांची घाण काढायची?" असे त्यांनी सरळ विचारले होते. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन ही स्त्रियांसाठीची संस्था सुरू केली आणि पुढे तिथल्या बायकांना, त्यांतही विधवांना, ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घ्यायला पाठवले, तेव्हा शहरात हाच आक्षेप घेतला गेला होता. शंभराहून अधिक वर्षे उलटली, आणि आक्षेपाचे शब्दही फारसे बदलले नाहीत. सासूबाई आजही नातेवाइकांना "सून हॉस्पिटलात शिकते" एवढेच मोघम सांगतात. शिकून डॉक्टर होणार की काय, असे एका मावशींनी विचारले तेव्हा त्यांनी ते खोडून काढले नाही. मीही काढले नाही. गुडघे दुखत असताना तीन वर्षे रोज सकाळी नातीचा हात धरून दोन जिने उतरणाऱ्या बाईशी मी या विषयावर वाद घालणार नाही.

पाळणाघरे गणपतीत बंद असतात, वॉर्ड नसतो. गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीला माझी सकाळची पाळी होती. बसचे मार्ग बदललेले, मध्यभागातले रस्ते मिरवणुकीसाठी बंद, त्यामुळे स्वारगेटपासून सारसबागेवरून दांडेकर पुलापर्यंत मी ढोलांच्या आवाजात पायी गेले आणि तिथून पुढे रिक्षा मिळाली. घरी पोहोचले तेव्हा लेक दारात उभी होती. "थांब, हात लावायचा नाही," ती मलाच म्हणाली. वॉर्डातून आल्यावर आधी गणवेश बादलीत, मग अंघोळ, आणि मगच तिला जवळ घ्यायचे, हा आमचा नियम आहे. हात धुवायला साबणाने ४० ते ६० सेकंद लागतात हे तिला ठाऊक असल्याने ती बाथरूमबाहेर उभी राहून साठपर्यंत मोजते. सत्तावीसनंतर ती चाळीसवर उडी मारते, त्यामुळे मला नेहमी सवलत मिळते.

या महिन्यात माझ्या रात्रपाळ्या चालू आहेत. मी संध्याकाळी सव्वासहाला निघते, लेक तेव्हा जागी असते, आणि निघण्याआधी आम्ही दोघी वहीपाशी उभ्या राहून सासूबाईंना ओव्हर देतो. परवा तिला पाच वर्षांचा डीपीटी लशीचा बूस्टर दिला होता. दंड दुखत होता, थोडी कसकस होती, औषध चारला दिलेले होते आणि ताप आला तरच पुढचे दहानंतर द्यायचे होते. सासूबाईंनी नुसते ऐकून घेतले नाही. चष्मा लावून त्यांनी नातीची बाही वर केली, इंजेक्शनच्या जागेवर बोट ठेवून सूज पाहिली, आणि मला विचारले की लाली किती वाढली तर डॉक्टरांना कळवायचे.

सकाळी नऊला परत आले तेव्हा घरात कुणी नव्हते. वहीत पेन्सिलीने लिहिलेले होते : "१० वा. ताप नाही, औषध दिले नाही. १ वा. उठली, पाणी दिले, लगेच झोपली. दंड ठीक. दूध सांडले. तुझी भाजी झाकून ठेवली आहे, पोळ्या डब्यात."